कोड नसलेले क्रमांक : स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी एक पाठ



स्मरणिकेत शाळेच्या यशाच्या आठवणी लिहिण्याची प्रथा आहे. त्या या अंकात अन्यत्र आहेतच. आम्ही मात्र येथे आमच्या एका चुकीपासून आरंभ करणार आहोत, कारण त्या चुकीतून आम्ही जो धडा शिकलो तो आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

शाळेच्या कार्यालयाबाहेर, वसतिगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, पूर्वी एक रंगवलेला फलक होता. 'अडचणीच्या वेळी संपर्क' असे त्याचे शीर्षक होते आणि त्याखाली सहा-सात कार्यालयांचे दूरध्वनी क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. तो फलक आम्हीच रंगवून घेतला होता आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत होतो. दिवाळीच्या सुटीपूर्वी आठवीतील एका विद्यार्थिनीने त्यावरचे दोन क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. तिचे आईवडील ऊसतोडीला परजिल्ह्यात गेले होते आणि सुटीत तीही त्यांच्याकडे जाणार होती. सुटी संपली, मुले परतली, तिची जागा रिकामीच राहिली. पुढे उन्हाळ्यात ती शाळा सोडल्याचा दाखला नेण्यासाठी आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते. सोबतची मंडळी कार्यालयात बसली असताना ती आमच्या एका बाईंना हळूच म्हणाली, "बाई, मी फोन केला होता. तो नंबर लागला नाही."

तिने शेजारच्या कोपीतील मोबाइल मागून घेतला होता. प्रथम कोड न लावता क्रमांक फिरवला, तो लागला नाही. मग कोड लावून फिरवला, तेव्हा 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असे उत्तर आले. फलकावरची ती जोडणी केव्हाच बंद झाली होती. आम्ही फलक लावला होता. क्रमांक लावून पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून हा विषय आमच्यासाठी केवळ सामान्यज्ञानाचा राहिला नाही. दूरध्वनी क्रमांक म्हणजे काय, काही क्रमांक गावाला बांधलेले का असतात, काही का नसतात, आणि आपल्यासारख्या वर्षातील सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या समाजाला त्यातील कोणते उपयोगी पडतात, याचा आम्ही शिक्षकांनी नीट अभ्यास केला. त्याचे सार या पाठात मांडत आहोत.

१. गावाला बांधलेला क्रमांक

आपल्यातील वडीलधाऱ्यांना पिवळ्या पाटीवरील काळ्या अक्षरांचे 'एस.टी.डी.' केंद्र आठवत असेल. भारतात २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ व कानपूर या दोन शहरांदरम्यान ही सेवा प्रथम सुरू झाली. त्यापूर्वी परगावी बोलायचे तर 'ट्रंक कॉल' नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. नव्या सेवेत माणूस स्वतःच आकडे फिरवून परगावी थेट बोलू लागला. त्यासाठी प्रत्येक ठिकाणाला एक कोड द्यावा लागला. मुंबईला ०२२, पुण्याला ०२०, कोल्हापूरला ०२३१, सांगलीला ०२३३ आणि आपल्या बीडला ०२४४२.

हा कोड टपालाच्या पिनकोडासारखाच असतो. आरंभीचे शून्य यंत्राला सांगते की हा कॉल गावाबाहेरचा आहे. पुढचे आकडे कोणते गाव ते सांगतात. आणि उरलेले आकडे त्या गावातील एक तार, एक भिंत, एक टेबल दाखवतात. असा क्रमांक भूगोलाला बांधलेला असतो. कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेले, तार तुटली किंवा जोडणी बंद झाली की तो क्रमांक निरुपयोगी होतो. कागदावर मात्र तसाच राहतो.

अशा क्रमांकामागे दोन गृहीतके असतात. मदत देणारा आपल्या जागी आहे आणि मदत मागणाराही आपल्या गावी आहे. शिरूर कासार तालुक्यातील किती घरांना हे दुसरे गृहीतक लागू पडते? सिंदफणेच्या काठची ही कोरडवाहू गावे दसरा-दिवाळीनंतर निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत 'कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते. तिला घर क्रमांक नसतो, रस्त्याचे नाव नसते आणि पुढल्या महिन्यात ती तेथे असेल याची शाश्वतीही नसते. तेथे अडचण आली तर बीडच्या कार्यालयाचा क्रमांक दूर राहतो आणि तेथील स्थानिक कार्यालयाचा क्रमांक ठाऊक नसतो. आमची विद्यार्थिनी नेमकी या दरीत सापडली होती.

२. कोड नसलेला क्रमांक कसा चालतो

याउलट ११२, १०८, १०९८, १४५६६ हे क्रमांक पाहा. यांना गावाचा कोड नाही. ते कोणत्याही टेबलावर वाजत नाहीत. खरे तर ते एखाद्या यंत्राचे नसून एखाद्या कामाचे क्रमांक आहेत. देशाच्या क्रमांक-योजनेत १ या आकड्याने सुरू होणारे असे छोटे क्रमांक विशेष सेवांसाठी राखून ठेवलेले आहेत.

आपण मोबाइलवर १०८ दाबतो तेव्हा कॉल प्रथम जवळच्या टॉवरकडे जातो. दूरसंचार यंत्रणा आरंभीचे आकडे पाहून ओळखते की ही विशेष सेवा आहे. त्या सेवेचे या भागासाठी कोणते केंद्र नेमले आहे हे ती आपल्या कोष्टकात पाहते आणि त्या केंद्राच्या खऱ्या लांबलचक क्रमांकाकडे कॉल वळवते. केंद्राची इमारत बदलली तर केवळ कोष्टकातील नोंद बदलते. लोकांच्या तोंडी असलेला क्रमांक बदलत नाही. म्हणून भिंतीवर लिहायचा असेल तर असाच क्रमांक लिहावा.

येथे आपल्या उपयोगाची एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॉल कोठे जाईल हे आपले सिमकार्ड कोठे घेतले यापेक्षा बहुधा आपण या क्षणी कोणत्या टॉवरखाली आहोत यावर ठरते. शिरूरचा माणूस बेळगाव भागातील फडावरून ११२ दाबेल तर साधारणतः कर्नाटकातील केंद्र उत्तर देईल. आणि तेच योग्य आहे, कारण गाडी तेथूनच येणार आहे. मात्र सीमेवरच्या गावात कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर कॉल पकडतो. म्हणून पहिले वाक्य नेहमी ठिकाणाचे असावे : राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण. ऊसतोड कामगारासाठी सर्वांत उपयोगी खूण म्हणजे कारखान्याचे नाव. फड कोणाचा हे ठाऊक नसले तरी कारखान्याचे नाव प्रत्येकाला ठाऊक असते.

३. या कॉलचे पैसे कोण देतो?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु गरिबाच्या हातातील मोबाइलमध्ये शिल्लक किती आहे यावरच पुष्कळदा त्याचे धाडस अवलंबून असते. आपल्याकडे १८०० ने सुरू होणारे क्रमांक कॉल करणाऱ्यास विनामूल्य असतात; त्याचा खर्च ज्याने तो क्रमांक घेतला ती संस्था देते. १८६० ने सुरू होणारे क्रमांक मात्र विनामूल्य नसतात. तेथे कॉल करणाऱ्यास आकार पडू शकतो. दोन्ही दिसायला सारखे असल्यामुळे फसगत होते. पुढे दिलेल्या तातडीच्या सेवांचे छोटे क्रमांक विनामूल्य आहेत.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला. तेथे अनेक सार्वजनिक कार्यालयांनी असे क्रमांक घेतले होते की ज्यांवर बोलणाऱ्याला नेहमीपेक्षा अधिक आकार पडे आणि त्यातील काही वाटा क्रमांक घेणाऱ्याकडे जाई. म्हणजे रांगेत ताटकळणाऱ्या गरजूचे ताटकळणेच कोणाची तरी मिळकत होई. अखेर तेथील दूरसंचार नियामक संस्थेने २००७ मध्ये सार्वजनिक सेवा व धर्मादाय संस्था यांच्यासाठी ०३ ने सुरू होणारी नवी मालिका आणली. त्यावरील कॉलचा दर साध्या कॉलइतकाच असावा आणि त्यातून क्रमांक घेणाऱ्यास वाटा मिळू नये असा नियम झाला. त्याच वर्षी युरोपीय संघाने ११६ ने सुरू होणारे समान क्रमांक ठरवले : हरवलेल्या मुलांसाठी ११६०००, मुलांच्या मदतीसाठी ११६१११. देश बदलला तरी मुलाला क्रमांक बदलावा लागू नये, हा त्यामागील विचार. देशोदेशी फिरणाऱ्या मुलांसाठी जे खरे, ते जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरणाऱ्या आपल्या मुलांसाठी अधिकच खरे.

४. दहा, नऊ, आठ

आपल्या देशात हा विचार त्याच्याही आधी रुजला आणि तो आपल्याच राज्यात रुजला, याचा अभिमान वाटावा. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये रस्त्यावर व रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांसाठी 'चाइल्डलाइन' हा प्रयोग सुरू केला. रस्त्यावरच्या मुलाला रात्री-अपरात्री मार लागला, ताप आला, कोणी त्रास दिला तर त्याने कोणाकडे जावे, या प्रश्नातून ही सेवा जन्मली. क्रमांक ठरला १०९८. ज्याला वाचता येत नाही अशा मुलालाही उलटी मोजणी येते : दहा, नऊ, आठ. पुढे १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि अनेक शहरांतील स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने ही सेवा देशभर पसरली. बिलिमोरिया यांच्याच पुढाकाराने २००३ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा सेवांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

२०२३ पासून या सेवेची व्यवस्था बदलली. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेखाली ती राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे आली आणि ११२ या क्रमांकाशी जोडण्यात आली. व्यवस्था बदलली, पण क्रमांक तोच राहिला. कोड नसलेल्या क्रमांकाचा लाभ तो हाच.

१०९८ वर कोण बोलू शकतो? अठरा वर्षांखालील कोणतेही मूल आणि मुलाविषयी काळजी असणारी कोणतीही व्यक्ती. विषय बालविवाहाचा असो, बालमजुरीचा असो, मारहाणीचा, हरवल्याचा वा लैंगिक त्रासाचा असो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल मिळाल्यास त्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

बालविवाहाबाबत थोडे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ४० हून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. यामागे आईबापांचे क्रौर्य नाही, हे आम्ही जाणतो. मुलीला गावी एकटे ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून मोठी भीती आणि जोडप्यालाच 'कोयता' म्हणून उचल मिळते हा व्यवहार, या तिहींच्या कात्रीत लग्न होते. तरीही बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण असलेच पाहिजे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी आहे. न्यायदंडाधिकारी असा विवाह थांबवण्याचा मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो हुकूम मोडून लावलेले लग्न कायद्याने शून्य ठरते. परंतु फडावर आपल्या ओळखीचा ग्रामसेवक नसतो. तेथे मुलीजवळ उरतात ते हे चार आकडे.

५. पाठ करावयाचे क्रमांक

पुढील क्रमांक एका कागदावर लिहून घरात लावावेत आणि निदान पहिले तीन लहानथोर सर्वांनी पाठ करावेत.

११२ : पोलीस, अग्निशमन व इतर तातडीची मदत. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने संपूर्ण देशासाठी या एकाच क्रमांकाची शिफारस केली. आपल्या राज्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत व दुसरे नागपुरात आहे. मोबाइलच्या जागतिक मानकांनुसार आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून हा कॉल जोडण्याची सोय आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आणीबाणीच्या बटनाची सोय बंधनकारक आहे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटन दाबून धरल्यास कॉल जातो.

१०८ : अपघात, सर्पदंश, हृदयविकार, अडलेली प्रसूती. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि २६ जानेवारी २०१४ पासून आपल्या राज्यात ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. उत्तर देणारा पुण्याच्या केंद्रात बसलेला असतो. त्याला आपली वाडी-वस्ती माहीत असेलच असे नाही. म्हणून खूण नीट सांगावी आणि एका माणसाला डांबरी रस्त्यावर उभे करावे. गरोदर माता व नवजात बाळ यांच्या ने-आणीसाठी १०२ हा क्रमांक आहे.

१०९८ : मुलांसाठी, वर सांगितलेच आहे.

१८१ : संकटातील स्त्रियांसाठी.

१४५६६ : अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरुद्धची राष्ट्रीय मदतवाहिनी. १३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाली. अहोरात्र चालते आणि हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषांतही बोलता येते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आणि अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ यांखालील तक्रार येथे नोंदवता येते व तिचा क्रमांक मिळतो. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, हेही लक्षात ठेवावे.

१५१०० : मोफत विधी साहाय्य. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उचल, मजुरीचा हिशेब, मारहाण अशा प्रकरणांत कोऱ्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी येथे विचारावे.

१४४१६ : 'टेलिमानस' ही मनाच्या आजारासाठीची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून. परीक्षेच्या निकालानंतर मूल गप्प झाले, शेतकरी बाप रात्र रात्र जागू लागला, कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर लाज न बाळगता बोलावे.

१४५६७ : ज्येष्ठांसाठी, सकाळी ८ ते रात्री ८. हंगामात गावी मागे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा विशेष उपयोगी.

१९३० : मोबाइल वा बँकेतून पैशाची फसवणूक झाल्यास. जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

१८००-१८०-१५५१ : किसान कॉल सेंटर, २००४ पासून, सकाळी ६ ते रात्री १०. शेतीविषयक सल्ला मराठीतून मिळतो.

१०७७ : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, पूर, वीज पडणे, अतिवृष्टी यांसाठी.

६. बोलावे कसे, आणि क्रमांकाच्या मर्यादा

कॉल करताना क्रम असा ठेवावा : ठिकाण, घटना, किती माणसे, आता धोका आहे का, आणि शेवटी आपले नाव. घाबरलेला माणूस प्रथम सारी हकीकत सांगू लागतो आणि मध्येच बॅटरी संपली तर ठिकाण राहूनच जाते. मुलांविषयी माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करता येते. कॉल संपण्यापूर्वी तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपावे. दोन दिवसांत हालचाल न दिसल्यास तोच क्रमांक सांगून पुन्हा विचारावे.

क्रमांक म्हणजे मदत नव्हे, मदतीच्या दाराची कडी आहे. कधी रेंज नसते, कधी लाइन व्यग्र असते, कधी आलेला माणूस प्रकरण मिटवण्याचाच सल्ला देतो. म्हणून कॉलबरोबर लेखी अर्जही द्यावा. परजिल्ह्यात गुन्हा घडला असेल आणि 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाले, तर शांतपणे 'झीरो एफआयआर'ची मागणी करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. कोड नसलेल्या क्रमांकामागचे तत्त्व येथे कायद्यात उतरले आहे : पीडिताने हद्द शोधत फिरू नये.

आणखी दोन सूचना. यांतील कोणतीही सेवा आपला ओटीपी, बँकेचा पिन किंवा पैसे मागत नाही. मागणारा ठग समजावा. आणि मुलांनी गंमत म्हणून हे क्रमांक दाबू नयेत; आपल्या गमतीच्या दोन मिनिटांत दुसऱ्या कोणाचा कॉल ताटकळत असतो.

७. फलक पुन्हा रंगवला

आम्ही जुना फलक पुसला. नव्या फलकावर कोड असलेला एकही क्रमांक नाही. दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडताच दोन शिक्षक प्रत्येक क्रमांक अजून चालू आहे की बदलला, याची खातरजमा करतात. मात्र ११२ आणि १०८ यांवर चाचणीसाठी कॉल करीत नाहीत, त्यांची चौकशी अन्य मार्गाने होते. दिवाळीच्या सुटीपूर्वी शेवटच्या तासाला प्रत्येक विद्यार्थी तीन क्रमांक तोंडपाठ म्हणतो आणि काल्पनिक कॉल करून दाखवतो. आरंभी मुले हसतात. मग एखादी मुलगी खऱ्याच आवाजात बोलू लागते आणि वर्ग शांत होतो.

या उपक्रमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने फडावरून १०९८ लावला. स्वतःसाठी नव्हे, वर्गमैत्रिणीसाठी. तिने राज्य, जिल्हा, तालुका, कारखान्याचे नाव असा क्रम सांगितला. दुसऱ्या दिवशी माणसे आली, आईवडिलांशी बोलली, त्यांनी हमीपत्र लिहून दिले. लग्न थांबले. ती मैत्रीण जानेवारीत वर्गात परत आली. तिचे वडील आमच्यावर रागावले होते. वर्षभर शाळेची पायरी चढले नाहीत. तिच्या दहावीच्या निकालाला मात्र आले, मागच्या बाकावर बसले आणि गुणपत्रक हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिले. आम्ही काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

पहिल्या मुलीचे ऋण याने फिटत नाही, हे आम्ही जाणतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. गावाने जागा दिली नाही, घरी दिवा नाही, बाप मजुरीला दूर गेला, तरी मुलाचे शिक्षण थांबू नये, हा त्यामागील विचार होता. आपली निवासी शाळा त्याच विचाराची वारस आहे. मूल कोणत्या गावचे, कोणत्या वस्तीचे, हे न विचारता जे दार उघडते ते वसतिगृह. आणि जो उत्तर देतो तो क्रमांक. दोहोंचा धर्म एकच.

घरी करावयाचा अभ्यास

१. आपल्या घरातील प्रत्येक मोबाइलमध्ये ११२, १०८ व १०९८ मराठी नावांनी साठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे तोंडपाठ करवा.

२. आपण गेल्या हंगामात जेथे होता तेथील राज्य, जिल्हा, तालुका, गाव व कारखाना यांची नावे एका दमात सांगता येतात का, ते पाहा. येत नसल्यास मुलांना विचारा.

३. आपल्या गावातील शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना व समाजमंदिर यांच्या भिंतींवरील क्रमांक तपासा. बंद क्रमांक आढळल्यास संबंधितांना कळवून तो पुसायला लावा. चुकीचा क्रमांक रिकाम्या भिंतीपेक्षा घातक असतो.

४. माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः शासकीय सेवेत असलेल्यांनी, आपल्या कार्यालयाचा क्रमांक आज लागतो का हे बाहेरच्या फोनवरून एकदा लावून पाहावे.

५. मुकादमाचे नाव, त्याचा क्रमांक आणि घेतलेली उचल यांची नोंद असलेला एक कागद गावी आजी-आजोबांकडे ठेवून जा.

एवढे केले तरी हा पाठ सार्थकी लागला असे आम्ही समजू. येत्या हंगामात आपल्या शाळेतील जे मूल कोठल्याशा फडावर, कोठल्याशा कोपीत, मागून घेतलेल्या मोबाइलवर चार आकडे दाबील, त्याला पलीकडून कोणीतरी "बोला" म्हणो, एवढीच मंगल कामना.